बेसन, पुंडी आणि बिननावाचं भगुनं

नोकरी काय करत होतात, असं कुणी विचारलं की मी सांगते, "लोकांच्या घरी जाऊन काल काय खाल्लंत ते विचारत होते." ऐकणाऱ्याला वाटतं, बाईला सांगायचं नाही म्हणून थट्टा चाललीय. पण एकतीस वर्षं मी खरंच एवढंच केलं. सरकारी भाषेत त्याला आहार-पाहणी म्हणतात आणि मला अन्वेषिका म्हणत. हा शब्द गावात कुणाला उच्चारता येत नसे, म्हणून मी सगळीकडे "खाण्याच्या बाई" होते.

काम सोपं दिसायचं. घरात जायचं, चुलीपाशी बसायचं आणि काल सकाळपासून रात्रीपर्यंत घरात काय शिजलं ते त्या घरच्या बाईकडून आठवून घ्यायचं. माझ्या पिशवीत तीन वाट्या असत, लहान, मध्यम आणि मोठी. कोणत्या वाटीने किती खाल्लं ते वाट्या समोर ठेवून विचारायचं. फॉर्मवर पदार्थाचं नाव, त्याचा संकेतांक आणि वाट्यांची संख्या भरायची. पुढचं काम कचेरीतलं. प्रत्येक संकेतांकाला ठरलेला हिशेब होता, एक वाटी वरण म्हणजे डाळ इतकी, एक भाकरी म्हणजे पीठ इतकं. त्यावरून माणशी किती अन्न पोटात गेलं ते निघायचं.

घोडं अडायचं ते नावापाशी. संकेतांकांचं पुस्तक वरून छापून यायचं आणि ते लिहिणाऱ्याने मराठवाड्यात पाण्याचा घोटही घेतलेला नसावा. त्यात थालीपीठ होतं, धपाटे नव्हते. घोळीची भाजी होती, तिचंच आमच्याकडचं नाव चिगळ, ते नव्हतं. भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, म्हणजे येसराची आमटी तर कुठेच नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी नांदेडच्या जुन्या पेठेत एका चाचींनी सांगितलं, "कल खिचडी-खट्टा." माझ्याबरोबरच्या बाईने खट्ट्यासमोर लोणच्याचा संकेतांक टाकला आणि मोठ्या दोन वाट्या लिहिल्या. कचेरीतून शेरा आला, की या घरातली माणसं माणशी पाव किलो लोणचं खातात काय? खट्टा म्हणजे चिंचेचं पातळ सार, हे सांगायला मला नांदेडहून पत्र लिहावं लागलं.

मला या गोष्टी कळायच्या, कारण मी उदगीरची. बिराजदारांची, वडिलांचं किराणा दुकान. घरात आई कानडी बोलायची, भाकरीला रोट्टी आणि भाजीला पल्ल्या म्हणायची. दुकानात गिऱ्हाइकाशी मराठी, आणि वडील शेजारच्या अत्तारवाल्याशी उर्दू. लहानपणापासून एकाच जिन्नसाला तीन-तीन नावं ऐकत मी वाढले. तेव्हा ते ओझं वाटायचं. नोकरीत त्याचीच भाकरी झाली.

मी एक वही केली. डाव्या बाजूला गावातलं नाव, उजव्या बाजूला पुस्तकातलं. अंबाडी घ्या. मुदखेडला ती अंबाडी, उदगीर-निलंग्याकडे पुंडी आणि धर्माबादेत बाजारात गेलं की पुंटीकुरा. भाजी तीच, आंबटपणा तोच. पण मुदखेडच्या बाईला पुंटीकुरा म्हणालात तर ती विचारणार, हे कुठलं नवं औषध. आठ वर्षांत वहीची दोनशे पानं भरली. नवीन लागलेल्या मुली ती उतरवून घ्यायच्या. साहेब लोक वहीबद्दल बोलायचे तेव्हा मी नम्र चेहरा करून खाली बघायची आणि मनातून फुगायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या फुगण्यातूनच झालं.

लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला आणि माझी तिकडे बदली झाली. नव्या जिल्ह्याची कचेरी म्हणजे भाड्याची इमारत, रंगाचा वास आणि अर्ध्या टेबलांना खुर्च्या नाहीत. माणसं मात्र महाराष्ट्रभरातून गोळा झालेली. आमचे पर्यवेक्षक सामंतसाहेब रत्नागिरीकडचे. पहिल्या पावसाळ्यात जीपमधून जाताना त्यांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली, रस्त्याकडेचा तरवटा हातात घेतला आणि म्हणाले, "अहो, हा तर आमचा टाकळा!" माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर होता. फॉर्म तपासणारा कारकून पुण्याकडचा. मी एका फॉर्मवर लिहिलं होतं, "सकाळी: सुशीला, मध्यम दोन वाट्या." त्याने तांबड्या शाईने गोल केला आणि शेजारी लिहिलं, "व्यक्तीचे नाव पदार्थाच्या रकान्यात." मी दुसऱ्या दिवशी डब्यातून सुशीला आणली. मुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी, वरून शेंगदाण्याचं कूट आणि डाळ्याचं पीठ. तो पुढे बदली होईपर्यंत दर सोमवारी विचारायचा, "मॅडम, सुशीला आहेत का?"

ही सगळी गंमत. मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षी आला आणि पेरणी करून ठेवून पुन्हा गेला. गावोगावी रोजगार हमीची खडी फोडायची कामं सुरू झाली. ज्या वस्त्यांवर खायला नाही तिथे शिजवलेल्या अन्नाची केंद्रं उघडायची, असं ठरलं. वस्त्या कोणत्या, हे कशावरून ठरवायचं? जिल्हा नवा, त्याला स्वतःचे आकडे नव्हते. म्हणून आमची पाहणी. ज्या वस्तीचा माणशी आकडा ठरलेल्या रेषेच्या खाली, तिथे केंद्र. वर असेल तर नाही. इतकं सरळ होतं ते.

औसा-निलंगा पट्ट्यातलं एक गाव आणि त्याला लागून एक वस्ती माझ्याकडे आली. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. वस्तीत चौतीस घरं. पहिल्या दिवशी मी शेवंताबाईच्या घरी गेले. घरात नवरा, दीर, दोन पोरं, शेवंताबाई आणि तिची सासू सोनाबाई, अशी सहा माणसं. नवरा आणि दीर खडीवर गेलेले. शेवंताबाई दाराला टेकून उभी राहिली, उत्तरं सोनाबाईने दिली. म्हातारी वाळलेली, पण ताठ बसलेली.

"काल दुपारी काय शिजलं?"

"बेसन-भाकर खाल्लाव."

"आणि संध्याकाळी?"

"वरण केलं व्हतं. पोराला वरण लागतंय."

इथे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगायला हवं. तुमच्याकडे बेसन म्हणजे डब्यातलं कोरडं पीठ. आमच्याकडे बेसन म्हणजे चुलीवरून उतरलेलं पिठलं. माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर ते होतं. मी वाट्या मांडल्या, सोनाबाईने मध्यम वाटीवर बोट ठेवलं, "माणशी दोन." मी पिठल्याचा संकेतांक टाकला. जाताना तिने मला गुळाचा कोरा चहा दिला. मी नको म्हणाले, तर म्हणाली, "घरी आलेलं माणूस तसंच जातंय व्हय?" मी प्यायले.

चौतीस घरांत असंच. बेसन-भाकर, वरण-भाकर, एका घरी धपाटे. दोन दिवसांत सगळे फॉर्म भरले, एकही रकाना रिकामा नाही. सामंतसाहेबांनी पाठ थोपटली. आकडा रेषेच्या थोडा वर आला. वस्तीला केंद्र मिळालं नाही.

पाच आठवड्यांनी मी त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या गावाची पाहणी आटोपून परत निघाले होते. वाटेत वस्तीलगतच्या गावात एसटीला वेळ होता आणि ऊन मी म्हणत होतं, म्हणून तिथल्या पिठाच्या गिरणीच्या सावलीला टेकले. गिरणी बंद होती. पट्टा काढून खुंटीला लावलेला, आणि जिथून धान्य ओततात त्या तोंडाशी मांजर निवांत झोपलेलं. गिरणीवाला महादू बाजेवर पडला होता.

"लाइट नाही का?" मी विचारलं.

"लाइट हाय की. दळण न्हाई. बाजारादिवशी तेवढी चालू करतो, तासभर."

"असं कसं? वस्तीवर तर रोज भाकरी होते."

तो उठून बसला. "कोण म्हणलं?"

"सगळेच म्हणाले. चौतीस घरं."

महादू माझ्याकडे बघत राहिला, मग वस्तीकडे. मग त्याने खुंटीवरचा पट्टा काढला, उगीच फडक्याने पुसला आणि परत लावला. म्हणाला, "मंग तसंच असंल, मॅडम. लोकं काय खोटं सांगत्यात का."

मी किराणा दुकानदाराची मुलगी. आमच्या दुकानात कोण डाळ न्यायचं थांबलं, कोण फक्त मीठ आणि मिरची नेतंय, यावरून वडिलांना अख्ख्या गल्लीची चूल कळायची. ते कुणाला विचारायचे नाहीत. कुणी किती खाल्लं हे तोंडाला विचारायचं नसतं, हे मला वयाच्या दहाव्या वर्षी माहीत होतं. आणि सरकारने मला वही, वाट्या आणि दोनशे पानांची अक्कल दिल्यावर मी ते विसरून गेले. मला स्वतःची लाज वाटली. एसटी आली, ती मी जाऊ दिली आणि वस्तीकडे चालत गेले.

या वेळी डोळे उघडे होते म्हणून दिसलं. वस्तीच्या तोंडाशी शेवग्याची तीन झाडं होती, तिन्ही ओरबाडलेली, हात पोचेल तिथवर एक पान नाही. शेवंताबाई दारात होती. मागच्या वेळी ताठ बसलेली म्हातारी मात्र दिसत नव्हती.

"सोनाबाई कुठं?"

"आत्याबाई गेल्या. आज नववा दिस."

कशाने गेली, असं मी विचारलं. "वय झालं व्हतं," शेवंताबाई म्हणाली. वस्तीत सगळ्यांनी तेच सांगितलं, आणि दाखल्यातही तेच असणार. मीही आजपर्यंत तसंच म्हणत आले. पण माझा फॉर्म खरा असता तर म्हातारीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत वस्तीवर केंद्र असतं, हेही मला माहीत आहे. ते मी कुणावर ढकलू शकत नाही.

मी वाट्या काढल्या नाहीत. म्हटलं, "शेवंताबाई, काय खाल्लं ते विचारत नाही. चुलीवरचं भगुनं दाखव."

ती हलली नाही. मग पोरांना बाहेर पाठवलं आणि पातेल्याचं झाकण काढलं. करडं पाणी, त्यात शेवग्याचा पाला आणि तळाला थोडं पीठ बसलेलं. मिरचीचा एक तुकडा.

"भाकरी?"

"दोन करते. खडी फोडाया जाणाऱ्या दोघांना. त्येंच्या हातात जोर नसंल तर काम बी जाईल. बाकीच्यांना हेच."

सवयीने माझा हात वहीकडे गेला. "याला काय म्हणतात तुमच्याकडं?"

शेवंताबाईने माझ्याकडे असं बघितलं की मी वही मिटली. "ह्याला काय म्हणत्यात बाई? नाव द्याया त्यात काय हाय?"

मग ती आपणहून बोलायला लागली. "तुमी आलाव तवा मी सांगणार व्हते. आत्याबाईनं डोळं मोठं केलं. म्हणल्या, परक्या बाईपुढं घराची चूल उघडी करायची न्हाई. बेसन म्हण. वस्तीत सगळ्यांनी आत्याबाईचंच ऐकलं, तुमच्या आधी त्या घरोघर सांगून आल्या व्हत्या."

मला इथे क्षणभर रागही आला, खरं सांगते. मेलेल्या बाईचा. सरकार दाराशी अन्न घेऊन उभं होतं आणि तिने आब राखायला दार लावून घेतलं. पण ते अन्न आहे हे तिला कुणी सांगितलं होतं? मी आत आले ती विचारायला आले होते, कशासाठी विचारते ते बोललेच नव्हते. उत्तरं फिरतील म्हणून आधी काही सांगायचं नाही, असा आमच्या कामाचा नियम होता आणि मी तो काटेकोर पाळला होता. तिच्या लेखी मी चारचौघांत जाऊन सांगणारी एक बाई होते, दुसरं काही नाही.

त्या दिवशी मी तो नियम मोडला. शेवंताबाईला सगळं सांगितलं, की आकडा काय असतो, रेषा काय असते आणि वस्ती का राहिली. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "चला."

ती माझ्यापुढे चालली. प्रत्येक दारात थांबून एकच सांगायची, "भगुनं दाखवा. बेसन म्हणू नगा आता. तसं म्हणा म्हणणाऱ्या त्या गेल्या." पहिल्या दोन घरांत बायका चूल झाकून उभ्या राहिल्या. तिसरीने पदराने तोंड झाकलं आणि बाजूला झाली. मग पुढच्या घरांत न सांगताच दारं उघडी होती. मी वहीत 'नाव नाही' असं एक पान घातलं, पीठ मुठीने मोजलं आणि पाणी वाटीने. शेवंताबाईच्या घरचं असं होतं, पीठ एक मूठ, पाणी मोठ्या अकरा वाट्या, माणसं पाच. जुन्या फॉर्मवर सहा होती.

दुसऱ्या दिवशी मी चौतीस नवे फॉर्म सामंतसाहेबांच्या टेबलावर ठेवले. ते चिडले. सही होऊन वर गेलेला फॉर्म बदलणं म्हणजे नोकरीवर बेतणारी गोष्ट होती, आणि त्यांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

"बिराजदारबाई, हे काय? पदार्थाच्या रकान्यात 'नाव नाही'? एकतीस फॉर्मांवर? संकेतांक कुठला लावायचा याला?"

"पुस्तकात नाही, साहेब."

"पातळ आहे ना? मग पेज लिहा. आम्ही रोज सकाळी पेज पितो."

"तुमच्या पेजेत तांदूळ असतो, साहेब."

त्यांनी गठ्ठा जवळ ओढला. एकेक फॉर्म उलटत गेले. कुणीतरी चहा आणून ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. शेवटचा फॉर्म वाचून झाल्यावर त्यांनी कोरा कागद ओढला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की पहिल्या पाहणीतली चूक आपल्या तपासणीतून सुटली, ती पाहणी रद्द समजावी. माझं नाव त्यात कुठे नव्हतं. मी म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे." ते म्हणाले, "तुम्ही वस्तीवर जा. इथलं मी बघतो." तो कागद त्यांना भोवला की नाही, मला कधी कळलं नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारायचं धाडस केलं नाही.

फॉर्म गेल्यापासून बाराव्या दिवशी शाळेच्या ओसरीवर केंद्र उघडलं. तिथे मिळायची ती खिचडी, पण वस्तीतले सगळे तिला सुकडी म्हणायचे. मागच्या मोठ्या दुष्काळात सरकारने सुकडी वाटली होती, तेव्हापासून सरकार देतं ते सगळं सुकडी. मी वहीत तसं लिहून घेतलं.

त्यानंतर मी काम करायची पद्धत बदलली. आधी गिरणी, मग दुकान, मग झाडं, आणि सगळ्यात शेवटी माणसाचं तोंड. नवीन मुलींना हेच शिकवलं. वही मागितली तर देत होते, पण सांगत होते, की नावं बरोबर असून भागत नाही. सोनाबाईच्या घरच्या पदार्थाचं मी लिहिलेलं नाव अगदी बरोबर होतं.

दुष्काळ सरून दोन पिकं हाती आल्यावर एकदा त्या रस्त्याने जाणं झालं. गिरणीचा आवाज लांबूनच आला. महादूला मान वर करायला फुरसत नव्हती, पिठाने भुवया पांढऱ्या झालेल्या. मी वस्तीकडे वळले. शेवगा पुन्हा भरला होता. शेवंताबाईने मला बघितलं आणि काही न विचारता पाट मांडला. मी म्हटलं, आज मी कामावर नाही. ती म्हणाली, "मग तर बसाच."

ताटात ज्वारीची पांढरी भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी आणि मधोमध बेसन. घट्ट, लसणाच्या फोडणीचं, वाटीतून काढताना आकार न मोडणारं. तिने माझ्यासाठी वाटी भरली, मग दुसरी भरली. मी पुरे म्हणाले, तर ऐकेना. मी पहिला घास घेतला तेव्हा ती समोर बसून माझ्या पिशवीकडे बघत होती.

"वही हाय का, बाई?"

"आहे."

"काढा. लिवा."

उजवा हात उष्टा होता, म्हणून मी डाव्या हाताने वही काढली. कोणतं पान, ते तिने सांगितलं नाही, पण मला माहीत होतं. 'नाव नाही' असं लिहिलेलं पान काढलं. तिने ते वाचलं नाही, तिला वाचता येत नव्हतं. रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "हितं लिवा, बेसन. आन् आत्याबाईचं नाव टाका, सोनाबाई. त्या खोटं बोलल्या न्हवत्या, बाई. आमच्या घरात बेसनच असतंय."